रॅम खराब आहे की नाही, हे घरच्या घरी कसं बघायचं

मे महिना, लग्नसराई ऐन जोरात, आणि पंचवटीतले ओळखीचे एक फोटो स्टुडिओवाले नाना भर दुपारी फोन करतात, अरे ते विंडोज परत गेलं बघ. परत म्हणजे चौथ्यांदा. त्यातलं तीन वेळा मीच फॉरमॅट मारून दिलेलं, दर वेळी आठ-दहा दिवस बरं चालायचं आणि मग निळी स्क्रीन, कधी फोटोशॉप आपोआप बंद, आणि शेवटी शेवटी तर कॅमेऱ्याच्या कार्डावरून कॉपी केलेल्या फोटोंत खालच्या अर्ध्या भागात नवरीचा चेहरा बाजूला सरकलेला आणि मधे राखाडी पट्टा. कार्डावर तोच फोटो एकदम व्यवस्थित. मी हार्ड डिस्क बदलायला लावली, केबल बदलली, अँटिव्हायरस काढला, म्हणजे जे जे करायला नको ते सगळं केलं. दोष रॅमचा होता, म्हणजे मशीन काम करताना वापरतं त्या तात्पुरत्या मेमरीचा, आणि ते मला पहिल्याच दिवशी कळायला पाहिजे होतं, कारण कार्डावरून डिस्कवर जाणारी प्रत्येक फाइल रॅममधूनच जाते. तिथे एक बिट, म्हणजे एखादा शून्य किंवा एक, पलटलं की डिस्क बिचारी ती चुकलेली फाइलच इमानदारीत लिहून ठेवते.

तर हे त्यांच्यासाठी लिहितोय ज्यांनी अजून कॅबिनेटचं झाकणसुद्धा उघडलेलं नाही. नाशिकच्या सिडकोत घरून रिपेरिंग करतो, दुकान नाही, त्यामुळे विकायचं काही नाहीये.

आधी लक्षणं, कारण रॅम कधीच "मी खराब आहे" असं सांगत नाही, ती दुसऱ्यावर ढकलते. निळी स्क्रीन येते पण दर वेळी नाव वेगळं, एकदा मेमरी मॅनेजमेंट, एकदा पेज फॉल्ट, एकदा कुठल्यातरी ड्रायव्हरचं. ड्रायव्हरचाच दोष असेल तर सहसा तेच तेच नाव येतं, नावं बदलत राहिली की माझा संशय रॅमकडे जातो. झिप फाइल उघडताना सीआरसी एरर (फाइल बिघडल्याची सूचना), तीच फाइल परत उघडली तर चालते. विंडोज इन्स्टॉल करताना मधेच अडकतं. ब्राउझरचे टॅब आपोआप मरतात. आणि अगदीच गेलेली असेल तर डिस्प्लेच येत नाही, नुसते बीप, किंवा नवीन बोर्डावर डीरॅम (रॅमच्या चिपचा प्रकार) लिहिलेला छोटा एलईडी पेटून राहतो. खरं तर ही शेवटची केस सगळ्यात सोपी, कारण शंकाच नसते. त्रास देते ती अर्धवट खराब रॅम.

आत नेमकं काय होतं

हे थोडं समजून घ्या, नाहीतर टेस्ट रात्रभर का चालवायची हे पटणार नाही आणि तुम्ही दहा मिनिटांत बंद करून "सगळं ठीक आहे" म्हणाल.

रॅममधलं एक बिट म्हणजे एक इवलासा कपॅसिटर आणि त्याच्या दारावर एक ट्रान्झिस्टर. ही जोडी आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांची, पेटंट १९६८ चं, आणि आजच्या डीडीआर५ या नव्या पिढीच्या रॅममध्येही मुळात तेच आहे. कपॅसिटरमध्ये चार्ज भरला की एक, नसला की शून्य. आता गोदावरीला पूर आला की आपण नाशिककर मीटरमध्ये आकडा विचारतो का? नाही, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी लागलं ते विचारतो. रॅमचंही तसंच, चार्ज नेमका किती आहे ते मोजत बसत नाही, एका खुणेच्या वर आहे का खाली एवढंच बघते.

पण हा कपॅसिटर म्हणजे गळकी घागर आहे. चार्ज सतत झिरपतो. म्हणून डीडीआर४ मध्ये दर ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक ओळ वाचून परत भरावी लागते, याला रिफ्रेश म्हणतात, म्हणजे सेकंदाला पंधरा-सोळा वेळा, तुम्ही काहीही करत नसलात तरी. आठ जीबीच्या एका स्टिकवर, म्हणजे रॅमच्या पट्टीवर, असल्या जवळपास ६,८७२ कोटी घागरी आहेत. त्यातल्या एखादीचं भोक जरा मोठं असलं तर ६४ मिलिसेकंद व्हायच्या आत पाणी खुणेच्या खाली जातं आणि एकचं शून्य होतं. आणि गरम झालं की गळती वाढते, त्यामुळे ८५ अंशांच्या वर चिप गेली तर रिफ्रेश दुप्पट वेगाने करायचा असं स्टँडर्डमध्येच आहे. हा गरमीचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे नानांच्या केसमध्ये तोच नडला.

कारखान्यात हे तपासत नाहीत का, तर तपासतात, आणि भरपूर. वेफरवर, म्हणजे कापायच्या आधी सिलिकॉनच्या चकतीवर असतानाच सुया टेकवून प्रत्येक चिप तपासतात, खराब ओळी-कॉलम सापडले की चिपवर आधीच ठेवलेल्या जादा ओळी त्यांच्या जागी जोडतात, मग पॅकिंग, मग गरम करून जास्त व्होल्टेजवर तासन्‌तास चालवणं, मग स्टिकवर बसवून परत टेस्ट. म्हणजे तुमच्या नव्या कोऱ्या स्टिकमध्येही दुरुस्त केलेल्या ओळी असू शकतात आणि त्यात वाईट काही नाही. जगातली बहुतेक डीरॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांचीच, बाकीचे स्टिकर लावणारे. मायक्रॉनने २०२३ मध्ये आपल्या शेजारी गुजरातेत साणंदला प्लांट जाहीर केला, तो याच कामाचा, चिप बनवायचा नाही तर पॅकिंग आणि टेस्टिंगचा.

तुमची स्टिक ओळखा

झाकण उघडायच्या आधी विंडोजमध्येच टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्स, मग मेमरी. तिथे स्पीड, किती स्लॉट भरलेत आणि फॉर्म फॅक्टर दिसतं. डिम असेल तर डेस्कटॉपची लांब स्टिक, सोडिम असेल तर लॅपटॉपची आखूड. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, तसं असेल तर टेस्ट करता येते पण काढून बदलता येत नाही, मग बोर्ड लेव्हलवाल्याकडेच जा. जास्त माहिती हवी तर सीपीयू-झेड टाका, फुकट आहे, त्यात एसपीडी टॅबमध्ये स्टिकची आधार कार्डासारखी सगळी माहिती येते, कारण प्रत्येक स्टिकवर एक बारकी चिप असते जिच्यात कंपनी, साइज, टायमिंग लिहून ठेवलेलं असतं.

स्टिकरवर ८ जीबी, १आरएक्स८, पीसी४-२५६०० असं काहीतरी असेल. पीसी४ म्हणजे डीडीआर४. २५६०० ला आठने भागा, ३२०० आलं, तो स्पीड. १आरएक्स८ म्हणजे एक रँक (एकत्र काम करणाऱ्या चिपचा एक गट), आणि प्रत्येक चिप एका वेळी आठ बिट देते, अशा आठ चिप मिळून ६४ बिट. नऊ चिप दिसल्या तर बहुतेक ती सर्व्हरवाली ईसीसी, नववी चिप चुका पकडायला असते.

पिढ्यांची गल्लत करू नका. डेस्कटॉपच्या डीडीआर३ ला २४० पिना, डीडीआर४ आणि डीडीआर५ दोघांना २८८, पण खाच वेगळ्या जागी, त्यामुळे एकाची दुसऱ्यात बसत नाही, आणि व्होल्टेजही वेगळं, १.५, १.२ आणि १.१. बसत नसेल तर जोर लावू नका हो. एकाने माझ्याकडे स्लॉटच फोडून आणला होता, म्हणे दुकानवाला म्हणाला बसेल, जरा दाब.

काढणं, पुसणं, बसवणं

अर्ध्या केसेस इथेच मिटतात, खरंच सांगतो. शटडाऊन करा, मागचं बटण बंद करा, वायर काढा, मग पॉवरचं बटण चार-पाच सेकंद दाबून धरा म्हणजे आतला उरलेला करंट जातो. लॅपटॉप असेल तर झाकण काढल्यावर आधी बॅटरीचा कनेक्टर काढायचा, विसरायचं नाही.

कॅबिनेटच्या बिनरंगाच्या लोखंडाला हात लावा आणि मगच स्टिकला. पावसाळ्यात एकवेळ चालून जाईल पण डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा खाली येतो तेव्हा इकडेही हवा इतकी कोरडी असते की स्वेटर काढताना चटचट आवाज येतो, तोच चटका चिपला पुरतो. स्वेटर काढूनच बसा. गोधडीवर, सतरंजीवर पसारा मांडू नका, लाकडी टेबल बरं.

दोन्ही टोकांच्या क्लिपा बाहेर दाबल्या की स्टिक वर येते. काही बोर्डावर एकाच बाजूला क्लिप असते. स्टिक कडेने धरायची, सोनेरी पिनांना बोट नाही. आता पिना पुसायच्या. सगळे खोडरबर घासतात, मीही घासायचो, चालतंही, पण रबराचा भुगा स्लॉटमध्ये जातो आणि जोरात घासलं तर सोन्याचा मुलामाही जातो. त्यापेक्षा आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, इलेक्ट्रॉनिक्सचं सामान मिळतं तिथे मिळेल, सुती कापडावर थोडं घेऊन एकाच दिशेने पुसा, दोन मिनिटं वाळू द्या. स्लॉटमधली धूळ ब्रशने किंवा हवेने काढा, तोंडाने फुंकू नका, थुंकी जाते.

बसवताना खाच जुळवा, सरळ उभी धरा, दोन्ही अंगठ्यांनी दोन्ही टोकांना सारखं दाबा. टक्‌ असा आवाज आला आणि क्लिप आपोआप मिटली तर बसली. नवख्या माणसाला हा जोर जास्त वाटतो, भीती वाटते बोर्ड वाकेल, थोडा वाकतो पण, चालतं. लॅपटॉपची तिरकी आत सरकवायची आणि मग खाली दाबायची. चार स्लॉटचा बोर्ड आणि दोन स्टिक असतील तर साधारणपणे सीपीयूकडून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट, बोर्डाच्या पुस्तकात असतंच.

डीडीआर५ वाल्यांनी एक लक्षात ठेवा, स्टिक हलवल्यावर पहिल्यांदा चालू करताना स्क्रीन काळी राहते, कधी कधी काही मिनिटं, मशीन रॅमशी जुळवून घेत असतं. घाबरून बटण दाबू नका, चहा पिऊन या.

आता टेस्ट

सुरू करण्याआधी बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू असेल तर बंद करा. हे म्हणजे कंपनीनेच दिलेलं ओव्हरक्लॉकिंग, रॅम नेहमीपेक्षा जास्त स्पीडने पळवणं. ते चालू असताना एरर येतात आणि बंद केल्यावर येत नाहीत, असं झालं तर स्टिक मेलेली नसते, तो स्पीड तुमच्या बोर्डाला किंवा सीपीयूला झेपत नसतो. एक पायरी खाली चालवा. गेम खेळणाऱ्या पोरांना हे सांगितलं की तोंड पडतं, पण ३६०० ऐवजी ३२०० ने काही आभाळ कोसळत नाही.

सगळ्यात सोपी टेस्ट विंडोजमध्येच आहे. स्टार्टमध्ये मेमरी डायग्नोस्टिक शोधा, रीस्टार्ट होईल, निळी स्क्रीन येईल (ही चांगली निळी), तिथे एफ१ दाबून एक्स्टेंडेड निवडा आणि एफ१० ने सुरू करा. निकाल परत विंडोज चालू झाल्यावर कोपऱ्यात दिसतो, हुकला तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिमच्या लॉगमध्ये सापडतो. हिने एरर दाखवली तर विषय संपला, रॅमच्या बाजूलाच दोष आहे. पण हिने काही नाही म्हटलं तर त्यावर मी विश्वास ठेवत नाही, नानांच्या मशीनला हिने दोनदा पास केलं होतं.

खरी टेस्ट पेनड्राइव्हवरून. विंडोज चालू असताना रॅम तपासणं म्हणजे भाडेकरू घरात असताना फरशी तपासणं, कपाटाखालची फरशी कशी बघणार? म्हणून विंडोज सुरूच न करता थेट टेस्टचा प्रोग्राम चालवायचा. दोन आहेत आणि नावं इतकी सारखी की लोक गोंधळतात. एक मेमटेस्ट८६, १९९४ मध्ये ख्रिस ब्रॅडी यांनी लिहिलेला, आता पासमार्क कंपनीकडे आहे, फुकटच्या आवृत्तीत चारच पास (सगळ्या टेस्टची एक फेरी म्हणजे एक पास) होतात. दुसरा मेमटेस्ट८६ प्लस, तो ओपन सोर्स, त्याच्यात अशी अडवणूक नाही, मी हाच वापरतो. त्याची आयएसओ फाइल उतरवा, रूफस नावाच्या प्रोग्रामने पेनड्राइव्हवर टाका, पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जाईल तेव्हा बारशाचे फोटो आधी काढून घ्या.

मग मशीन चालू करताना बूट मेन्यूची की, एफ१२, एफ११, एफ९, एस्केप, बोर्डाप्रमाणे बदलते. प्लसवाला सुरू व्हायला बायॉसमध्ये सिक्युअर बूट (अनोळखी प्रोग्राम सुरू होऊ न देणारी सोय) बंद करावं लागू शकतं, आणि इथे एक खड्डा आहे, लॅपटॉपमध्ये बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर सिक्युअर बूटला हात लावल्यावर विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती आधी आपल्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर जाऊन लिहून ठेवा, नाहीतर रॅम तपासायला गेलात आणि घरातच कुलूप लागलं असं व्हायचं. ही भानगड नको असेल तर पासमार्कवाला वापरा, तो सिक्युअर बूट चालू असतानाही चालतो.

टेस्ट आपोआप सुरू होते, तुम्हाला काही करायचं नाही. ती काय करते तर ठरलेला नमुना सगळ्या रॅममध्ये लिहिते आणि परत वाचून बघते तेच आलं का. पण नमुने वेगवेगळे असतात, आणि का ते एका जुन्या वाड्याचं उदाहरण घेऊन सांगतो. समजा वाड्यातल्या सगळ्या खोल्यांत दिवे लावले तर भिंतीला भोक आहे का ते कसं कळणार, दोन्हीकडे उजेडच. म्हणून एकाच खोलीत दिवा, बाकी सगळा अंधार, आणि शेजारच्या खोलीत उजेड झिरपतो का बघायचं, मग पुढच्या खोलीत, मग पुढच्या. मग उलट, सगळीकडे दिवे आणि एकाच खोलीत अंधार. एका टेस्टमध्ये तर नमुना लिहून काही मिनिटं नुसतं थांबतात आणि मग वाचतात, गळकी घागर पकडायला. पासमार्कवाल्यात हॅमर टेस्ट पण आहे, एकाच ओळीवर इतक्यांदा ठोकायचं की शेजारची ओळ हलते का बघायचं, हा रोहॅमर नावाचा प्रकार २०१४ मध्ये संशोधकांनी दाखवून दिला. फक्त त्या एकाच टेस्टमध्ये एरर आली, बाकी सगळं स्वच्छ, तर मी रोजच्या वापराचं मशीन असेल तर फार मनावर घेत नाही.

वेळ किती, तर आठ जीबीला एका पासला अर्धा-पाऊण तास धरा, जुन्या मशीनला आणखी जास्त, रॅम वाढली तसा वेळ वाढतो. प्लसवाल्यात पहिला पास जरा उरकल्यासारखा असतो, तेवढ्यावर थांबू नका. मी रात्री जेवल्यावर लावतो आणि सकाळी बघतो. यूपीएस असेल तर बरं, आपल्याकडे वळवाच्या पावसात लाइट गेली की सगळं पहिल्यापासून.

एरर आली म्हणजे काय

लाल ओळी आल्या की झालं. किती आल्या ते महत्त्वाचं नाही, एक आली तरी स्टिक किंवा स्लॉट किंवा सेटिंग यातलं काहीतरी चुकतंय. "एकच आहे, चालवून घेऊ" हे ऐकतो मी नेहमी, अहो त्या एका जागेवर उद्या तुमचं टॅलीचं बॅलन्स असेल.

नानांच्या मशीनवर काय आलं ते सांगतो. दोन स्टिक, आठ-आठ जीबी, डीडीआर४. पहिल्या रात्री माझ्या घरी लावलं, झाकण उघडं, वर पंखा, पहाटेपर्यंत चार पास, एकही एरर नाही. मी म्हटलं रॅम चांगली आहे आणि मशीन परत दिलं. दोन दिवसांनी पुन्हा फोन. मग डोक्यात आलं की दोष येतो दुपारी, त्यांच्या पत्र्याच्या पोटमाळ्यावर, झाकण बंद असताना. मशीन तिथेच ठेवलं, झाकण लावलं, दुपारी एकला टेस्ट सुरू केली, बाहेर चाळिशीला टेकलेलं. सव्वादोनला पहिली लाल ओळ. यायला हवं होतं आठ वेळा एफ, आलं सात वेळा एफ आणि शेवटी सात. पुढची ओळ, तसंच. जवळजवळचे पत्ते, आणि दर वेळी शेवटच्या एफचंच सात. एफ म्हणजे चार बिट, एक एक एक एक. सात म्हणजे शून्य एक एक एक. म्हणजे इतक्या कोटींतून उजवीकडून चौथं बिट, ठराविक ठिकाणी, गरम झालं की घागर रिकामी. तीन विंडोज, एक हार्ड डिस्क आणि माझी अब्रू त्या एका बिटापायी गेली.

तेव्हा दोष ज्या परिस्थितीत येतो त्याच परिस्थितीत टेस्ट करा. थंड खोलीत उघड्या कॅबिनेटवर पास झालेल्या रॅमला मी आता पास म्हणत नाही.

स्टिक खराब का स्लॉट

इथे बहुतेक जण चुकतात, एरर आली की लगेच दोन्ही स्टिक बदलून मोकळे. थांबा. मास्किंग टेप घ्या, एका स्टिकवर अ लिहा, दुसऱ्यावर ब. टेप वरच्या कडेला, चिपवर किंवा वॉरंटीच्या स्टिकरवर नाही. वही घ्या, खरंच वही, डोक्यात राहत नाही.

आधी नुसती अ, पुस्तकात एका स्टिकसाठी सांगितलेल्या स्लॉटमध्ये. टेस्ट. मग अ काढून ब, त्याच स्लॉटमध्ये. टेस्ट. स्लॉट तोच ठेवायचा, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. अ पास आणि ब फेल, तर आता ब दुसऱ्या स्लॉटमध्ये घालून बघा. तिथेही फेल तर ब गेली, नक्की. दोन्ही स्टिक एका स्लॉटमध्ये फेल आणि दुसऱ्यात पास, तर स्लॉट किंवा बोर्ड. दोन्ही स्टिक सगळीकडे फेल, तर दोन्ही एकदम मरणं अवघड आहे, तेव्हा सीपीयूकडे बघा, कारण मेमरी कंट्रोलर (रॅमशी बोलणारा भाग) आता सीपीयूच्या आतच असतो, सॉकेटची एखादी पिन वाकली असेल किंवा कूलरचे स्क्रू एका बाजूला जास्त आवळले गेले असतील. पॉवर सप्लायवरही शंका घ्या.

आणि एक चमत्कारिक केस, अ एकटी पास, ब एकटी पास, दोन्ही मिळून फेल. हे वेगवेगळ्या कंपनीच्या, वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या स्टिकचं लफडं, दोघी चांगल्या पण एकत्र नांदत नाहीत, सासू-सुनेसारखं म्हणणार होतो पण घरी वाचतात. स्पीड एक पायरी कमी करून बघा, बायॉस अपडेट करा, नाही जमलं तर जोडीत एकाच पाकिटातल्या घ्या.

जुनी रॅम घेताना

२०२५ च्या शेवटी शेवटी एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला लागल्यापासून भाव असे चढले की लोक जुन्या स्टिककडे वळलेत. एमजी रोडला घ्या नाहीतर कोणाकडून हातोहात घ्या, पण बिल घ्या, नाहीतर निदान आठ दिवस परत घेण्याची बोली करा, आणि ती वहीत लिहून घ्या. काउंटरवर रात्रभर टेस्ट कोणी करू देत नाही हे मान्य, पण सीपीयू-झेड लावून एसपीडीची माहिती आणि स्टिकर जुळतं का एवढं तर दोन मिनिटांत होतं. स्टिकरवर एक आणि आत दुसरंच, असं मी बघितलंय, स्टिकर काय कुठेही छापून मिळतं.

डीडीआर३ वाल्यांनी जास्त सांभाळा. ऑनलाइन अर्ध्या किमतीत "फक्त एएमडीसाठी" असली स्टिक मिळते, वेगळ्या रचनेच्या चिप असतात, इंटेलच्या बोर्डावर एकतर डिस्प्ले येत नाही किंवा निम्मीच दिसते. स्टिक खराब नसते, तुमच्या कामाची नसते. आणि जुन्या मशीनला आठ जीबी टाकून फक्त तीन-साडेतीन दिसत असेल तर रॅम बदलायच्या आधी विंडोज ३२ बिट आहे का ते बघा.

नवी घेतली असेल तर बऱ्याच कंपन्यांची वॉरंटी लांबलचक असते, लाइफटाइम लिहिलेलं असलं तरी कोणाचं लाइफ ते अटींत वाचा. सीरियल नंबरचा फोटो, बिलाचा फोटो, आणि मेमटेस्टच्या लाल ओळींचा फोटो, तिन्ही जोडून क्लेम टाका, फोटो असला की हुज्जत कमी होते. वरचं पत्र्याचं आवरण उपटू नका, वॉरंटी तिथेच जाते.

नानांची ब स्टिक अशीच पाठवली. तीन आठवडे गेले, तोवर ऐन सीझनमध्ये एका स्टिकवर आल्बम काढले त्यांनी, आणि त्या तीन आठवड्यांत एकदाही निळी स्क्रीन नाही. बदलून आलेली स्टिक मी थेट बसवून दिली नाही, बदलून आलेलीही खराब निघू शकते, म्हणून त्याच पोटमाळ्यावर झाकण लावून दुपारी एकपासून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत लावून ठेवली. सकाळी गेलो तर नाना स्क्रीनसमोर चहा घेऊन बसलेले, हिरवा पास दिसतोय.

"काय सापडलं रे एवढ्या वेळात?"

"काही नाही नाना."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

"मग पैसे कशाचे?"